न लागलेला छर्रा

लिहिणं हा माझा प्रांत नाही, हे आधीच सांगतो आणि त्याबद्दल माफीही मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. मामाला पत्र पाठवायचं झालं तरी बाबा शेजारच्या गुरुजींकडे जायचे. "पुढे काय लिहू?" असं गुरुजींनी विचारलं की बाबा म्हणायचे, "तुम्हाला सुचेल ते लिहा, तुम्ही शिकलेले." अशा घरातल्या मुलाने एका ऋतूबद्दल पानंच्या पानं लिहावीत हा आगाऊपणाच झाला. त्यात विषय असा, की मोठ्या माणसांनी प्लॅस्टिकच्या बंदुका घेऊन झाडीत पळापळ करायची. खऱ्या बंदुका जगात एवढ्या चालत असताना असलं काही लिहिताना मला अवघडल्यासारखं होतं. पण मिशिगनमधल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या शुभदाकाकूंना मी फोनवर "मला नाही जमणार" म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "लिहून तरी बघ. मग सांग जमलं नाही म्हणून." म्हणून लिहायला बसलो.

आता मी दुसऱ्या गावात, दुसऱ्या विद्यापीठात शिकतो. इथल्या पार्किंगमध्ये एकच मेपल आहे. आज सकाळी त्याचं एक पान गाडीच्या वायपरखाली अडकलं होतं, दंडाची पावती लावावी तसं. मी ते काढलं, आणि का कोण जाणे, वास घेतला. ओल्या पानांचा वास सगळीकडे सारखाच असावा. पण त्या वासाबरोबर गरम प्लॅस्टिकचा, थर्मासमधल्या चहाचा आणि खाकी कापडाचा वास आला, आणि तो काही या पार्किंगमधला नव्हता.

ती दोन हजार पाच सालची पानगळ. मिशिगनमधल्या त्या गावी मी आदल्या वर्षी एम.एस. करायला आलो होतो. मी विद्यापीठाच्या लॅबमध्ये काम करायचं, आणि त्या बदल्यात त्यांनी माझी फी भरायची, वर खाण्यापुरते पैसे द्यायचे. याला असिस्टंटशिप म्हणतात. दर सत्राला ती नव्याने मिळावी लागते. नाही मिळाली तर माझ्यासारख्याला दुसरी वाट नसते, बॅग भरायची आणि उदगीरला परत. बाबा तिथे पेट्रोल पंपावर कामाला. गाडीत पेट्रोल भरता भरता त्यांनी ओळखीच्या प्रत्येकाला "पोरगं अमेरिकेला आहे" हे सांगून टाकलेलं. मी परत गेलो असतो तर त्या सगळ्यांना त्यांनी काय सांगितलं असतं, याचा विचार मी करत नसे. म्हणजे करत असे, पण लवकर थांबवत असे.

एअरसॉफ्टचं खूळ आणलं विनोदने. विनोद माझा रूम पार्टनर, नागपूरचा, मेकॅनिकलचा. एका शनिवारी तो मोठ्या दुकानातून पारदर्शक प्लॅस्टिकची दोन पिस्तुलं घेऊन आला. टोकाला भडक नारिंगी रंग, आतली स्प्रिंग बाहेरून दिसायची.

"हे काय आणलंस?"

"हॉबी आहे बे. तुला काही हॉबी आहे का? अभ्यास, भात, झोप. माणूस आहे का मशीन आहे तू?"

"महाग असेल ना?"

"यार, दोन पिझ्झ्यांत दोन बंदुका आल्या. पुढचे दोन वीकेंड खिचडी खाऊ."

खेळ असा. बंदूक हुबेहूब पण नकली, तिच्यातून ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढे प्लॅस्टिकचे छर्रे उडतात. दोन गट करायचे, रानात लपायचं, एकमेकांना टिपायचं. आमची पिस्तुलं सगळ्यांत खालच्या पायरीवरची. प्रत्येक छर्ऱ्याआधी वरचा भाग हाताने मागे ओढून स्प्रिंग ताणावी लागे. समोरच्यांकडे बॅटरीवर चालणाऱ्या, धो-धो छर्रे ओतणाऱ्या बंदुका. विनोदने दुकानातूनच उचललेले स्वस्त छर्रे इतके हलके, की वाऱ्याची झुळूक आली की वाट सोडून भलतीकडे जायचे. त्यांचा तो प्रवास बघत उभं राहायला मला फार आवडायचं. आपण सोडलेली वस्तू हवेत वळताना दिसते, हे मी त्याआधी फक्त दोरीवरून सुटलेल्या भोवऱ्यात पाहिलं होतं. पुढे कळलं, की बंदूक स्वस्त चालते, पण छर्रे जरा जड घ्यावेत. मग त्याच पिस्तुलाने सरळ मारा व्हायला लागला. थोड्या पैशात काय विकत घ्यायचं आणि काय सोडायचं, याचं एक वेगळंच शास्त्र असतं. मला ते लहानपणापासून थोडं येत होतं.

कपडे विकत घेतले नाहीत. इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपचा खाकी शर्ट मी का कोण जाणे अमेरिकेत आणला होता. सुक्या पानांत तो इतका मिसळून जायचा, की एकदा आमच्याच गटातल्या माणसाने माझ्यावर पाय दिला. गुडघ्यांना पंचे बांधले. विनोदने टोपीला मेपलची पानं टोचली, आणि ती सुकून गळायला लागली तेव्हा म्हणाला, "मी पण ऋतूप्रमाणेच चाललो."

ज्या झाडीत हा खेळ चालायचा ती डेल नावाच्या गृहस्थांच्या मालकीची होती. साठीचे, पोटाने भक्कम, आवाजाने त्याहून. पहिल्या रविवारी आम्ही लॅबमधले चष्मे घालून गेलो, ॲसिड उडू नये म्हणून घालतात ते. डेलनी विनोदचा चष्मा काढून घेतला, कुंपणाच्या खांबावर ठेवला, आणि दहा पावलांवरून आपल्या बंदुकीने एक छर्रा मारला. काच मधोमध चिरली.

"आता समज, खांबाच्या जागी तू आहेस," डेल म्हणाले.

विनोद म्हणाला, "मिस्टर डेल, पण चष्मा माझा होता."

"डोळाही तुझाच होता." आणि मग जरा मऊ होऊन, "हे बघा पोरांनो, बंदूक काटकीची आणा, मी हसणार नाही. गॉगल मात्र चांगला हवा. त्याशिवाय या झाडीत पाऊल टाकायचं नाही."

चांगल्या गॉगलची किंमत दोन्ही पिस्तुलांहून जास्त होती. आम्ही दोघांत मिळून एकच घेतला. एका डावात तो खेळणार, मी बाकावर बसणार. पुढच्या डावात उलटं. बाकीच्यांना याचं हसू यायचं. पण आता वाटतं, तो गॉगल एकच होता म्हणून मला हा खेळ दिसला. निम्मा वेळ मी कुंपणाच्या सुरक्षित बाजूला बसून नुसता बघत होतो. पानांवर कोणी चाललं की आधी आवाज येतो, मग पक्षी उडतो, मग माणूस दिसतो. नोव्हेंबरात थंडी वाढली तशा काहींच्या महागड्या, गॅसवर चालणाऱ्या बंदुका मान टाकायला लागल्या, आणि आमची स्प्रिंगची पिस्तुलं पहिल्यासारखीच खटखट करत राहिली. तेव्हा विनोदचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पण मला खरं कुतूहल होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. या छर्ऱ्यातून रंग उडत नाही, डाग पडत नाही. लागला की नाही हे फक्त ज्याला लागला त्यालाच माहीत. पंच कोणी नसतो. ज्याला लागलं त्याने स्वतःहून हात वर करायचा, "हिट!" असं ओरडायचं, आणि मुकाट्याने चालत बाहेर यायचं. सगळा खेळ एवढ्यावर उभा. मी उदगीरच्या गल्लीत क्रिकेट खेळून मोठा झालो. तिथे स्टंप उडाला तरी "मी तयारच नव्हतो" म्हणायची पद्धत होती, आणि बॅट ज्याची तो आऊट होत नसे. इथे धिप्पाड माणसं झुडपात कोणीही बघत नसताना हात वर करून उभी राहायची. ती का करतात असं, हे मी बाकावर बसून तासन्‌तास बघायचो. एकदा डेलना विचारलंही. ते म्हणाले, "नाही केलं तर पुढच्या रविवारी कोणाबरोबर खेळायचं?"

मला तो नियम इतका आवडला, की मी तो जरा जास्तच पाळायला लागलो. माझ्या जवळून छर्रा गेला, हिट. डोक्यावरची फांदी हलली, हिट. एकदा एक अक्रोड पाठीवर पडला, तेव्हाही मी हात वर केला. परका माणूस, परक्यांची झाडी, कोणी म्हणायला नको की हा भारतीय मुलगा लागलेलं सांगत नाही. बाहेर येऊन बसताना मला बरं वाटायचं. प्रामाणिक असल्यासारखं.

त्याच ऑक्टोबरात लॅबमध्ये ते घडलं.

आमच्या लॅबमध्ये नळीच्या आकाराची एक भट्टी होती. तिच्यात धातूचे नमुने तापवताना आत हवा शिरू नये म्हणून सिलिंडरमधून एक वायू सतत सोडायचा. वायू संपला तर नमुने जळून काळे पडतात. त्या दिवशी भट्टी मी लावली होती. आत एका सीनियर मुलीचे नमुने होते, तिच्या कित्येक महिन्यांचं काम. सिलिंडरवरच्या काट्याकडे मी दोनदा पाहिलं होतं. तो भरलेला दाखवत होता. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तर सगळे नमुने कोळशासारखे, आणि सिलिंडर रिकामा. काय झालं ते बघायला प्रोफेसर आले. त्यांनी एवढंच विचारलं, "काल भट्टीवर कोण होतं?"

आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत मी म्हणालो, "सॉरी सर, माय मिस्टेक."

हे शब्द कुठून आले ते मला माहीत आहे. पंपावर गिऱ्हाईक चिडलं, की बाबा आधी म्हणायचे, "चुकलं साहेब." मीटर बिघडलं, वीज गेली, मालकाने भाव वाढवला, काहीही असो. लहानपणी मी एकदा चिडून विचारलं होतं, की तुमचं काय चुकलं? तर म्हणाले, "लेकरा, आपल्यासारख्याने आधी चुकलं म्हणावं. माणूस थंड होतो. मग खरं-खोटं त्याचं तोच बघतो." त्यांचं खोटं नव्हतं. तिथे माणूस थंड व्हायचा, पैसे द्यायचा आणि जायचा. 'चुकलं' हा शब्द तिथे छत्रीसारखा होता, उघडायचा आणि खाली उभं राहायचं.

इथे प्रोफेसरांनी मान हलवली आणि ते निघून गेले. चिडले नाहीत, आवाज चढवला नाही. दोन आठवड्यांनी ऑफिसमधून कळलं, की जानेवारीपासूनच्या माझ्या असिस्टंटशिपबद्दल डिसेंबरात विभागाची समिती विचार करणार आहे, कारण भट्टीचा प्रकार. मी स्वतः कबूल केलेलं असल्यामुळे चौकशी करायचं काही उरलं नव्हतं.

विनोदला हे सांगितलं तर तो भात ढवळता ढवळता थांबला. "पण तू काटा पाहिला होता ना?"

"पाहिला होता."

"मग चुकलं काय तुझं?"

"माहीत नाही. काहीतरी चुकलंच असणार ना, विनोद. मीच होतो तिथे."

"अबे, मी पण या ग्रहावर होतो त्या दिवशी. मी पण सॉरी म्हणून येऊ का?"

जवळच्या नोव्हाय गावी राहणाऱ्या शुभदाकाकूंकडे आम्ही महिन्यातून एखाद्या रविवारी जेवायला जायचो. काका मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, आणि काकूंचा व्हिसा नोकरी न करण्याचा. सांगलीच्या काकू, पुण्यात एम.एस्सी. केलेल्या, आणि घरात इतकं सगळं जागच्या जागी, की एखादी बरणी हलवायची भीती वाटावी. अशाच एका रविवारी आम्ही झाडीतून थेट त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांच्यासाठी आणलेली गुळाची ढेप आमच्या डिकीतून काढायला काकू बाहेर आल्या आणि त्यांना पिस्तुलं दिसली.

"हे काय रे?"

विनोद सारवासारव करायला लागला. काकूंनी तोवर एक उचललं होतं. हात सरळ, खांदा खाली, बोट खटक्याबाहेर. असं धरताना मी झाडीत कोणालाच पाहिलं नव्हतं, डेलनासुद्धा.

"वजनच नाही याला," त्या म्हणाल्या. "एन.सी.सी.त आम्हाला पॉइंट टू टू रायफल दिली होती. कॅम्पला मी पहिली आले होते."

काका दारातून म्हणाले, "लग्नात हे कोणी सांगितलं नव्हतं."

"विचारलं होतंत का? स्वयंपाक येतो का, एवढंच विचारलंत."

त्यांची मुलगी गार्गी सातवीत होती. ती जिन्यावरून ओरडली, "आई, प्लीज, नेबर्स आर वॉचिंग!" काका म्हणाले, "आत घ्या ते आधी. आणि गाडीत नेहमी डिकीतच ठेवा रे पोरांनो. लांबून बघणाऱ्या पोलिसाला खेळणं कळत नाही." जेवताना काकूंनी विषय पुन्हा काढला. ताक वाढता वाढता त्यांनी विचारलं, "बायका खेळतात का तिथे?"

पुढच्या रविवारी त्या आल्या. गॉगल स्वतःचा, नवा, नीट बघून घेतलेला. बंदूक आमच्यासारखीच स्प्रिंगची, फक्त लांब नळीची. "आधी स्वस्तात शिकते. पटलं तर पुढचं बघू," म्हणाल्या. तोंडाला छर्रा लागू नये म्हणून तिथले लोक जाळीचे मुखवटे घालायचे. काकूंनी तपकिरी ओढणी काढली आणि पुण्यात दुचाकीवरच्या मुली गुंडाळतात तशी दोन झटक्यांत चेहऱ्याभोवती घट्ट बांधली. फक्त गॉगल उरला. डेल बघत राहिले. "हे कुठल्या सैन्यात शिकवतात?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "फर्ग्युसन रोडवर." त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

त्या दिवशी गॉगल माझ्या पाळीचा होता आणि काकू समोरच्या गटात. डाव रंगला. मी एका पडलेल्या ओंडक्यामागे पोटावर पडलो होतो. पानांत ओल होती. खाकी शर्टातून ती छातीला जाणवत होती. समोर कुठेतरी एकच खटका वाजला आणि माझ्या कानाशी टक्‌ असा आवाज झाला. मी उठलो, हात वर केला. "हिट!"

जेवणाच्या सुट्टीत मी बाकावर चहा ओतत होतो. काकू समोर येऊन उभ्या राहिल्या. ओढणी गळ्यात उतरवलेली, गाल थंडीने लाल.

"तू का मेलास?"

"अं? तुमचा छर्रा लागला ना, काकू."

"कुठे लागला?"

"म्हणजे... इथेच कुठेतरी."

"ओंडक्याला लागला. साल उडालेली दिसली मला. तुझ्यापासून वीतभर लांब. तू का मेलास?"

विनोद फिस्सकन हसला. "तो असाच मरतो, काकू. अक्रोड पडला तरी मरतो."

"तू गप रे." आणि माझ्याकडे वळून, "मला बरं वाटावं म्हणून मेलास का?"

"नाही काकू. वाटलं, लागला असेल. उगाच नाही म्हणायचं, आणि..."

"अरे, वीस वर्षांनी नेम धरतेय मी. तो डावीकडे जातोय हे मला कळायला नको का? तू मेलास की मला वाटणार, बरोबर आहे. मी पुढचाही तसाच मारणार. न लागता लागलं म्हणणंसुद्धा खोटंच, राजा. त्याने समोरच्याचं नुकसान होतं."

चहा थर्मासच्या झाकणातून माझ्या बोटांवर सांडला. खरं म्हणजे मला आतून राग आला होता. इतके दिवस मी ज्याला प्रामाणिकपणा समजत होतो, त्याला कोणी खोटं म्हणेल असं मला वाटलं नव्हतं.

पण राग फार टिकला नाही, कुतूहलाने त्याला बाजूला सारलं. लागलेलं खरंच कळतं का? जाड जॅकेटवर, पळताना, धापा टाकताना? डेलच्या कुंपणाशी नेमाचा सराव करायची मोकळी जागा होती. जेवणानंतर मी काकूंना म्हणालो, "मला बघायचंय. मी पाठ करून उभा राहतो. तुम्ही कधी मला मारा, कधी शेजारच्या डब्याला. मी ओळखतो."

"वेड लागलंय का?"

"पाठीलाच मारा, काकू. जॅकेट चढवतो, गॉगल आहेच."

डेलनी अंतर ठरवून दिलं. मी झाडांकडे तोंड करून उभा राहिलो. पहिला खटका वाजला, मी अंग चोरलं आणि "हिट" म्हणालो. मागे विनोदचं हसू. छर्रा डब्याला लागला होता. पुन्हा खटका, पुन्हा मी "हिट", पुन्हा डबा. आवाज झाला की माझं अंग आधीच कबूल करत होतं, पाठीने काही सांगायच्या आत. मग काकू म्हणाल्या, "आवाज ऐकू नकोस. थांब जरा. श्वास घे, मग सांग." तिसऱ्या वेळी मी थांबलो. डाव्या खांद्याखाली एक छोटीशी टिचकी जाणवली, गल्लीत कोणी मागून खडा मारावा तशी. "हा लागला," मी म्हणालो. त्यानंतरच्या खटक्याला पाठीवर काहीच नव्हतं. काहीच नसणं इतकं स्पष्ट जाणवू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं. "नाही लागला," मी म्हणालो. आयुष्यात हे दोन शब्द मी मोठ्याने किती वेळा म्हटले असतील, कोणास ठाऊक.

मला अजून प्रश्न पडतो, की आपण असे कसे घडतो. गल्लीत आऊट झालो तरी नाही म्हणणारा मी, आणि साहेबासमोर आऊट नसताना हो म्हणणारा मीच. बरोबरीच्या माणसाशी आपण भांडतो, आणि वरच्यापुढे आधीच पडून राहतो. बाबांच्या शब्दाला मी नावं ठेवत नाही. त्या छत्रीखालीच मी वाढलो. पण ती कुठे उघडायची हे हवा बघून ठरवायला हवं, एवढंच त्या पानगळीत माझ्या ध्यानात आलं. आणि आणखी एक. मी "माय मिस्टेक" म्हटल्यावर त्या काट्याकडे कोणीच बघितलं नव्हतं. नवीन सिलिंडर लावला होता, काटा तोच. उद्या दुसरं कोणी त्यावर विसंबून भट्टी लावणार होतं.

प्रोफेसरांच्या खोलीबाहेर मी बराच वेळ घुटमळलो. मग आत गेलो. मी म्हणालो, "त्या दिवशी मी चूक माझी म्हणालो. पण माझी काय चूक झाली ते मला माहीत नाही. मी काटा पाहिला होता. तो भरलेला दाखवत होता."

त्यांनी चष्मा काढला. "मग तसं म्हणालास का?"

"आमच्याकडे आधी तसं म्हणतात."

"चूक नसली तरी?"

"हो."

ते माझ्याकडे असं बघत राहिले, जसा मी बाकावरून हात वर करणाऱ्या माणसांकडे बघायचो. मग म्हणाले, "मी समितीला तुझी कबुली कळवलेली आहे. आता तू वेगळं सांगतोयस. कोणी म्हणेल, असिस्टंटशिप जायची वेळ आली म्हणून सांगतोयस."

"म्हणू शकतात, सर."

"मग झालं काय होतं, तुझ्या मते?"

"तेच मला जाणून घ्यायचं आहे," मी म्हणालो. त्यांच्याशी बोललेलं माझं पहिलं सरळ वाक्य तेच असावं.

त्यांनी काहीच वचन दिलं नाही. "बघतो," एवढंच म्हणाले.

मग नुसतं थांबणं. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत गाव रिकामं झालं. काकूंनी पुरणपोळ्या केल्या आणि गार्गीने त्या मेपलच्या पाकाबरोबर खाल्ल्या. काका म्हणाले, बघवत नाही, पण एक मलाही दे. काकूंचा नेम सुधारला होता. आता त्या ज्याला मारत त्याला खरंच लागायचं. मला एकदा असा लागला, की कोपरावर लाल ठिपका उठला. मी "हिट!" म्हणून ओरडलो, तेव्हा झुडपामागून काकूंचा आवाज आला, "आता कसं!" आणि दुसऱ्या एका डावात छर्रा चुकला, मी हात वर केला नाही आणि पळालो. धावताना पानं पायाखाली मोडत होती. मला पकडा, मला मारा, पण लागेपर्यंत मी आहे, असं काहीसं वाटत होतं. ते नीट सांगता येत नाही.

फोनवर बाबा विचारायचे, "सगळं बरं हाय ना?" मी म्हणायचो, "बरं आहे." ते खरं की खोटं, तेव्हा मला माहीत नव्हतं. विनोदने मला न सांगता भारताच्या तिकिटांचे भाव बघून ठेवले होते. ते मला कळलं, पण मी त्याला तसं कळू दिलं नाही.

बर्फ पडायला लागलं. डेलनी मोसम संपल्याचं सांगून कुंपणाचं फाटक बांधून घेतलं. पांढऱ्या बर्फात पांढरे छर्रे. ती झाडी आता कोणाचंच काही सांगत नव्हती. समितीची बैठक झाली, असं ऑफिसमधल्या बाईंकडून कळलं. काय ठरलं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. शेवटची परीक्षा देऊन मी बाहेर आलो. लायब्ररीत शिरल्यावर बोटं इतकी गारठलेली होती, की पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा मेलची पेटी उघडली. प्रोफेसरांची मेल होती, एकट्या मला नव्हे, लॅबमधल्या सगळ्यांना, आणि समितीलाही. त्यांनी लिहिलं होतं, की सिलिंडरवरचा काटा उघडून तपासला. तो अडकलेला आहे, सिलिंडर रिकामा झाला तरी भरलेला दाखवतो. तो बदलायची सूचना उन्हाळ्यातच आली होती आणि ती आपण स्वतःच पुढे ढकलली. नमुने जळाले त्यात लॅबमधल्या कोणाचीही चूक नाही, चूक आपली स्वतःची आहे. ज्यांना काटा बघायचा असेल त्यांनी येऊन बघावा, तो टेबलावर ठेवला आहे. आणि सगळ्यांत खाली, माझं नाव घालून, एक ओळ होती: तुझं असिस्टंटशिपचं पत्र सही होऊन गेलं आहे, जानेवारीत नवा काटा बसवून भट्टी तूच लावायचीस.